डावा पाय तुमचा

बुधवार, ५ फेब्रुवारी

भावजी,

तुम्हाला आणि तुमच्या रागाला, दोघांनाही आशीर्वाद. दोघं एकाच घरात राहता, एकाला देऊन दुसऱ्याला वगळणं बरं दिसत नाही.

पत्र हातात आलं की आधी शेवटची ओळ वाचायची तुमची खोड मला ठाऊक आहे. शेवटी काही ठेवलेलं नाही. जे सांगायचं ते इथेच सांगते. तुमच्या दादांना जाऊन वर्ष होत आलं, पण दुपारी जेवण आटोपून मी ओटा पुसला की ते पुढच्या खोलीत येतात आणि आपल्या मोटरसायकलसमोरच्या स्टुलावर बसतात.

वहिनीचं डोकं फिरलं म्हणाल. म्हणा. शेजारच्या शिवणवालीला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, एकटं राहिलं की माणसाला भांड्यांचेही आवाज माणसासारखे येतात."

मी म्हटलं, "भांडी खाकरत नाहीत, बाई."

तेव्हापासून ती दुपारची येत नाही. सकाळी येते, दारातूनच बोलते आणि जाते.

ते त्रास काही देत नाहीत. जिवंतपणी केवढी बडबड, आता तोंडातून अक्षर नाही. कोपरं गुडघ्यांवर, मान जरा वाकडी, आणि नजर गाडीच्या पुढच्या डाव्या पायावर. सरळ बघितलं की स्टूल रिकामं. हातात काही काम घेऊन नजरेच्या कोपऱ्यातून बघितलं की दिसतात. म्हणून मी रोज लसूण सोलत बसते. घरात सोललेला लसूण इतका झालाय की खायला माणसं आणावी लागतील.

शिवणवालीला तर 'गाडीचा पाय' म्हणजे काय हेच आधी समजावून द्यावं लागलं. पुढच्या चाकाला दोन बाजूंनी धरणाऱ्या त्या दोन नळ्या, आत स्प्रिंग, तेल, खड्ड्यात धक्का पिऊन घेतात त्या. जग त्यांना शॉकअप म्हणतं. पाय म्हणणारं घर आपलं एकटंच. आणि त्या पायांची वाटणी करणारंही. तुम्ही शाळेत होता तेव्हा दादांनीच ठरवलं, उजवा माझा, डावा तुझा, दुसऱ्याच्या पायाला हात लावायचा नाही. तेल अडवणारं रबरी सील बदलायची वेळ आली की दोघं दोन बाजूंना मांडी घालून, आणि मधे मी बत्ती धरून. शेवटी गाडी वरून दाबायची. दोन्ही पाय सारखे बसले तर चहा. नाही बसले तर ज्याचा चुकला त्याने मुकाट्याने पुन्हा खोलायचा. पाने-पकडी पुढे करता करता मीही शिकले, पण मला कुणी पाय दिला नाही. मी बत्तीवालीच राहिले.

मग दादांनी एकदा तुमच्या माघारी डावा उघडून तपासला. त्यांना वाटलं, लहान आहे, काही राहिलं असेल. तुम्ही सील धरणाऱ्या आतल्या क्लिपचं तोंड नेहमी चाकाकडे ठेवायचात, ते पुढच्या वेळी उलटीकडे निघालं आणि तुम्हाला कळलं. एवढ्याशा तारेच्या क्लिपवरून घर मोडलं असं सांगितलं तर लोक हसतील. जाताना उंबऱ्यावर तुम्ही जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला आठवत असेल.

तेव्हापासून डाव्याला कुणी हात लावलेला नाही. तेल गळून गळून संपलं, नळीवर काळी चिकट रेघ राहिली आहे. दादा तशीच गाडी चालवत राहिले.

म्हणून मागणं एकच. या, आणि तुमचा पाय करून जा. ते तुमची वाट बघत बसलेत असं मला वाटतं. आणि ते थकलेले दिसतात, भावजी. मेल्यावरही माणूस थकतं हे मला ठाऊक नव्हतं.

ते कसे गेले ते कार्डावर कळवलंच होतं. बसल्या जागी. तेच खरं धरा.

तुमची
वहिनी

*

सोमवार, २४ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं उत्तर मिळालं. 'गाडी भंगारात द्या. मला जमणार नाही. तब्येत सांभाळा.' याहून लांब तर औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. पण अक्षर अजून तसंच तिरकं आहे हे बघून बरं वाटलं.

गाडी भंगारात देणार नाही. ते बसतील कशासमोर?

तुम्ही येत नाही म्हणून मी उजवा पाय हातात घेतला. तो दादांचा, त्यावर माझा हक्क पोचतो. आणि हात शिकलेले असले तर डावाही... ते पुढचं पुढे.

सुट्या भागांच्या दुकानात गेले. तो दुकानदार आता तोंडात पेन्सिल धरून बोलतो, निम्मं कळत नाही. म्हणाला, "आजी, मुलाला पाठवा. सीलमध्ये साईज असतात."

मी म्हटलं, "साईज चोळीतही असतात. म्हणून काय मुलाला पाठवते?"

पेन्सिल पडली त्याच्या तोंडातून. सीलची जोडी दिली, वर तेलाची बाटली दिली आणि दारापर्यंत पोचवायला आला.

इंजिनाखाली लाकडी खोकं सरकवून पुढचं चाक उचललं. चाक काढलं, मडगार्ड काढलं. वरचं टोपण पाय जागेवर असतानाच सैल करायचं, एकदा पाय हातात आला की ते फिरत नाही, हे मला आठवत होतं. तुम्ही एकदा विसरला होतात आणि पाय दोन मांड्यांत धरून घरभर नाचला होतात. मग पाय पिळत पिळत खाली ओढला. सुटला तेव्हा कुशीत आला. तान्ह्या मुलाएवढं वजन आणि तसाच ओला.

तळाचा बोल्ट मात्र सुटेना. तो फिरवला की आतली नळीही त्याच्याबरोबर गरगर फिरते. घोडं तिथेच पेंड खात होतं. दोन दिवस विचार केला. मग लांब झाडूचा दांडा विळीवर तासून निमुळता केला, वरून आत घालून ठोकला, दांडा माझ्या टाचेखाली दाबून धरला आणि बोल्ट फिरवला. सुटला! मी एवढ्यांदा ओरडले की शिवणवाली धावत आली. दुपार होती तरी आली. मला झाडूवर उभी बघून तशीच परत गेली.

स्टुलाकडे मी बघितलं नाही. पण मागून कुणीतरी नाकाने हसल्यासारखं झालं. ते तसंच हसायचे.

जुनं सील निघालं. नव्या सीलची कड नळीच्या टोकाला कापली जाऊ नये म्हणून दुधाची पिशवी गुंडाळली, सील त्यावरून सरकवलं, आणि जुनं सील वर ठेवून नळाच्या तुकड्याने हळूहळू ठोकत बसवलं. जुन्याने नव्याला आत पोचवायचं आणि आपण बाहेर राहायचं. चांगली रीत आहे.

आतून जे निघायचं ते निघालं. एक वस्तू जास्तीची निघाली. ती मी फडक्यात बांधून कपाटात ठेवली आहे. तिचं पुन्हा कधी.

बाकी गाडी बरी आहे. टाकीवर एक पोचा, आणि आरसा तेवढा नवा घ्यावा लागेल, त्याची काच सगळी गेली होती. उजवी नळी काचेच्या टेबलावर लोळवून बघितली, सरळ आहे.

डावा तसाच आहे. ते तसेच आहेत.

तुमची
वहिनी

*

शनिवार, १५ मार्च

भावजी,

वकिलाच्या वर आहात तुम्ही. एवढ्या लांबलचक पत्रातून नेमका आरसा उचललात. 'दादा बसल्या जागी गेला, तर आरशाची काच कशी गेली?' एवढंच विचारलंत, खाली सहीसुद्धा नाही.

मला खोटं लिहिता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच तर कार्ड लिहिलं. कार्डावर जागा कमी असते.

सांगते. पण त्याआधी परवाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून हे कळायचं नाही.

परवा दुपारी मी डाव्याच्या टोपणाला पाना लावला. म्हटलं, किती दिवस वाट बघायची, तुम्ही काही येत नाही. पाना लावला आणि मागून आवाज आला. वर्षभरात पहिल्यांदा बोलण्याचा. मोठा नाही, झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

"नको. तो मरेल."

माझ्या हातून पाना पडला. फरशीचा टवका उडाला. मी स्टुलाकडे सरळ बघितलं, स्टूल रिकामं. पण खोलीत ह्यांचा वास होता, तेलाचा आणि हात धुवायच्या साबणाचा. मी ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायले आणि तिथेच खाली बसले. मला ह्यांची भीती कधी वाटली नव्हती. परवा वाटली.

आणि मग सगळं उलगडलं. उंबऱ्यावर तुम्ही काय बोलला होतात, ते मी लिहिलं नव्हतं. आता लिहिते. 'माझ्या पायाला पुन्हा हात लावलास, तर मी तुला मेलो.' असं बोलला होतात.

आपण रागात काय काय बोलतो. कानावरून जातं आणि उडून जातं. मला वाटत होतं, दादा हट्टाने हात लावत नाहीत. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, दोघंही एकाच मातीचे. मी कितीदा म्हटलं, "अहो, पाय मऊ झालाय, गाडी ब्रेक मारला की डावीकडे मान टाकते, करून टाका ना." तर म्हणायचे, "त्याचं काम आहे." आणि विषय बदलायचे. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना कुणाच्या तरी गळ्यावर हात ठेवायला सांगतेय. तेव्हा कळलं नाही. हट्ट नव्हता तो, भावजी. भीती होती. एवढा मोठा माणूस, बापाच्या वयाचा तुमच्या, पण तुमचा तो शब्द उरात धरून बसला होता. हात लावला आणि खरंच तुम्हाला काही झालं तर?

आता आरशाचं. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर शाळा सुटलेली एक मुलगी सायकलवरून आडवी आली. ह्यांनी पुढचा ब्रेक दाबला. वेग काहीच नव्हता. कोपऱ्यावरचा रद्दीवाला बघत होता. तो म्हणाला, "काका आपणहून पडले नाहीत हो, हँडलच वळलं. जणू कुणी बाजूने धरून फिरवलं." मुलीला ओरखडाही नाही. गाडीलाही फारसं काही नाही. ह्यांचं डोकं मात्र पदपथाच्या कडेवर आपटलं.

हे तुम्हाला कळू नये म्हणून मी 'बसल्या जागी' लिहिलं. तुम्ही काय हिशेब मांडाल ते मला आधीच ठाऊक होतं.

मांडू नका. अजून मीही मांडलेला नाही. डावा उघडल्याशिवाय खरं काय ते कळणार नाही. या. तुम्ही उघडलात तर तुम्ही घातलेली शपथ मोडत नाही.

वहिनी

*

रविवार, ६ एप्रिल

भावजी,

'म्हणजे माझ्यामुळे. आता मला लिहू नका.'

लिहिते. न लिहायला मी काही तुमची चाकर नाही. या घरात आले तेव्हा तुमच्या चड्डीची बटणं मी लावत होते. तुमचं ऐकायची सवय मला लागलेली नाही.

तुमचं पत्र काल सकाळी आलं. काल दुपारी मी डावा उघडला.

आधी ओटा पुसला. मग स्टुलाच्या समोर, गाडीच्या डाव्या बाजूला मांडी घातली. ते आले. मी वळून बघितलं नाही. तुमचं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. दोन वाक्यं, पण मी तीनदा वाचली. म्हटलं, "अक्षर ओळखता ना? शुक्रवारी लिहिलंय त्याने, शिक्का बघा. शाईसुद्धा पुसट नाही झाली. मेलेली माणसं रागावून पत्रं लिहीत नाहीत. तो जिवंत आहे. चांगला ठणठणीत आहे आणि अजून तितकाच मूर्ख आहे. मी आता याला हात लावतेय, आणि त्याला काही होणार नाही. झालं तर माझ्या माथी."

 या वेळी 'नको' आलं नाही. पाना टोपणाला लावला. फिरवला.

आत तेल म्हणायला काही नव्हतंच. तळाशी चमचाभर काळा गाळ, आणि त्यात नळीभोवतीचा धातूचा बुश झिजून झालेला चंदेरी चुरा. सील कडक होऊन तडकलं होतं. तुम्ही ते नीटच बसवलं होतंत, त्यात चूक काढायला जागा नाही. पण इतकी वर्षं कोण टिकणार? रबर आहे ते. राग थोडाच आहे! क्लिपचं तोंड उलटीकडेच होतं आणि तिच्यावर इतक्या वर्षांचा गंज अखंड होता, म्हणजे तुम्ही उंबरा ओलांडलात त्या दिवसानंतर ह्यांनी खरंच बोटही लावलं नव्हतं.

आता ते फडकं. उजव्यातून जास्तीची निघालेली वस्तू म्हणजे लोखंडी नळीचा एक तुकडा, करवतीने कापून कानसीने कडा गोल केलेला. स्प्रिंगच्या डोक्यावर बसवला होता, वर चकत्याही रचल्या होत्या. आणि तेल जाड, गियरचं असतं तसं, आणि मापाच्या दीडपट भरलेलं. उजवा पाय त्यांनी दगड करून टाकला होता. का, ते मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर फडक्यात बांधलं. डावा बसत चालला. त्याला हात लावायचा नाही. तुम्हाला बोलवायचं तर जीभ उचलत नाही. मग ह्यांनी काय केलं, उजव्याकडून दोघांचं काम करून घेतलं. तुमच्या वाटणीचं वजन आपल्या पायावर घेतलं.

माणसांत ते चालतं, भावजी. एक भाऊ दमला तर दुसरा ओढतो. लोखंडात चालत नाही. ब्रेक दाबला की डावा पार खाली बसायचा, उजवा हलायचाच नाही, आणि मधल्या चाकाला कुणाचं ऐकावं ते कळायचं नाही. ते वळायचं. रद्दीवाला खोटं बोलला नव्हता.

तुमचा वाटा काहीच नाही असं मी म्हणणार नाही. एकदा खोटं लिहून बघितलं, पुरे झालं. वाटा आहे. त्या उंबऱ्यावरच्या शब्दाएवढा आहे. त्या नळीएवढा ह्यांचा आहे. आणि माझाही असेल, मी बघत होते. पण सगळंच्या सगळं आपल्याकडे ओढून घ्यायचं आणि दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही, ही जी तुम्हा दोघांची रीत, तिनेच तर हे झालं. आता तुम्ही एकटे बसून तेच करणार? ह्यांनी नळी घातली, तुम्ही आता 'माझ्यामुळे' घालताय. तेही दगडच.

ऐका पुढे. डाव्याच्या नळीवर गंजाचे बारीक ठिपके होते, ते मऊ पॉलिश कागदाने आडवे घासून काढले. नवा बुश, नवं सील. क्लिप बसवताना थोडा विचार केला आणि तोंड चाकाकडे ठेवलं. नळीचा तुकडा आणि चकत्या परत घातल्या नाहीत. मग दोन्ही पायांत एकच तेल, औषधाच्या मापाने मोजून, सारखं. उजव्याला थेंब जास्त नाही, डाव्याला थेंब कमी नाही. हे करताना मला रडू आलं, आणि कशाचं ते विचारू नका.

ते सगळं होईपर्यंत ते बसून होते. मी झाडूचा दांडा मागितला नव्हता, पण हात मागे केला तर तो हाताशी आला. मीच तिथे ठेवला असेन. ठेवला असेनच.

आज दुपारी चाक बसवलं. मडगार्ड बसवलं. आणि आता अडलंय.

तुम्हाला ठाऊक आहे काय अडलंय. चाकाचा मधला दांडा लगेच आवळायचा नसतो. आधी कुणीतरी गाडीवर बसून पुढचं तोंड चार-सहा वेळा खाली दाबायचं, म्हणजे दोन्ही पाय आपापली रेघ शोधतात, एकमेकांशी सरळ उभे राहतात. मगच आवळायचं. तसं केलं नाही तर सगळी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी, पाय कायमचे एकमेकांशी ताणलेले राहतात.

मी बसून बघितलं. हँडलावर सगळा भार टाकला. माझ्यात आता उरलंय काय? गाडीने मला दाद दिली नाही. शिवणवालीला म्हटलं, ती म्हणाली, "त्या गाडीवर? आणि दुपारचं?" आणि मशीन चालू केलं.

मग मी ह्यांना म्हटलं, "बसा तुम्ही."

मी चाकासमोर गुडघे टेकून बसले होते, पाना हातात. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. सीटचं जुनं कातडं करकरलं. हँडल किंचित हललं, दोन्ही मुठी कुणी धरल्यावर हलतं तसं. मी दोन्ही नळ्यांवर नजर ठेवून होते. म्हटलं, "दाबा." पुन्हा म्हटलं, "दाबा ना."

त्यांनी दाबलं असेल. मला खात्री आहे, दाबलंच. पण नळ्या केसभरही खाली आल्या नाहीत, भावजी. चकचकीत, कोरड्या, जिथे होत्या तिथे. मी किती वेळ बघत बसले. वर्षभर मी स्टुलावर माणूस बघत होते, आणि आज पहिल्यांदा मला दिसलं की ह्यांना वजन नाही.

मग मी वर बघितलं. सरळ बघितलं. कुणी नव्हतं. लसूण सोलून नजरेच्या कोपऱ्यातूनही बघितलं. नव्हतं.

दांडा सैलच आहे. वजनाचं माणूस लागेल. या.

तुमची
वहिनी